मालवणचे सागरी अभयारण्य : कागदावरचे आणि पाण्यातले

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्याहून मालवणकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळणे कठीण होते. मंडळी बंदरावर होडीत बसतात, काही मिनिटांत सिंधुदुर्गाच्या महाद्वारापाशी उतरतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात हात जोडतात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत डोकावून चोहोकडे खारे पाणी असताना येथे गोडे पाणी कसे, याचे आश्चर्य करतात आणि सायंकाळी बांगड्याच्या ताटावर बसतात. या अल्प जलप्रवासात आपली होडी एका शासकीय अभयारण्यावरून गेली, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. अभयारण्य म्हटले की दाजीपूर, नागझिरा, फार तर भीमाशंकर, इतकेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पाण्याखालीही अभयारण्य असू शकते ही कल्पना अद्याप आपल्या शालेय नकाशांत पुरती उतरलेली नाही.

महाराष्ट्र शासनाने १३ एप्रिल १९८७ रोजी, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये, मालवणचे सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यापैकी ३.१८२ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र म्हणून आखला गेला. त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी, पद्मगडाचे बेट आणि आसपासचे बुडालेले खडक येतात. उरलेले २५.९४ चौरस किलोमीटर हे त्याचे रक्षक-कडे. आकड्यांच्या दृष्टीने हे क्षेत्र लहान आहे. त्याभोवती गेली जवळजवळ चार दशके चाललेला वाद मात्र लहान नाही, आणि तो समजून घेतल्याशिवाय तेथील संशोधनाचे महत्त्वही समजत नाही.

प्रथम संशोधनाकडे पाहू. भारतातील प्रवाळ म्हणजे कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार, अशी दीर्घकाळ समजूत होती. पश्चिम किनाऱ्यावरचा पावसाळा, नद्यांनी वाहून आणलेला गाळ आणि गढूळ पाणी या साऱ्यांत प्रवाळाला जगता येईल असे कोणास वाटत नव्हते, आणि तसे वाटण्यास सबळ कारणही होते. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. कासिम व डॉ. वफार यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा या समजुतीला धक्का बसला. पाठोपाठ १९८१ साली त्याच संस्थेतील डॉ. अरुण परुळेकर यांनी मालवणच्या समुद्रातील प्राणिसृष्टीचा आढावा प्रसिद्ध केला. हे तेच परुळेकर, ज्यांनी पुढे अंटार्क्टिकावरील सहाव्या भारतीय मोहिमेचे नेतृत्व केले. मालवणच्या खडपांवर ओहोटीच्या वेळी वाकून पाहणारा माणूस काही वर्षांनी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभा राहतो, हा योगायोग आपल्या मराठी वाचकांच्या फारसा लक्षात राहिलेला नाही.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांचा समूह असतो. हा प्राणी चुन्याचे घर बांधतो आणि आपल्या शरीरात एकपेशीय शैवालांना आसरा देतो. ही शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाच्या हवाली करतात. भाडेकरूने घरमालकाला पोसावे असा हा व्यवहार आहे. पुण्याच्या वाड्यांच्या इतिहासात त्याला तोड सापडणे कठीण. परंतु याच व्यवहारामुळे प्रवाळ प्रकाशावर अवलंबून राहतो. पाणी गढूळ झाले की शैवालांचे काम थांबते, गाळ साचला की तोंडे बुजतात. मालवणला जून ते सप्टेंबर हे चार महिने नेमकी हीच स्थिती असते. तरीही येथे पोराइट्स, टर्बिनारिया, गोनिओपोरा यांसारख्या वंशांचे प्रवाळ तग धरून आहेत. लक्षद्वीपसारखे त्यांचे विस्तीर्ण बांध येथे नाहीत. खडकांवर ठिकठिकाणी वाढलेल्या वसाहती आहेत. शास्त्रज्ञांना मालवणचे आकर्षण वाटते ते यामुळेच. प्रतिकूल परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या काढलेले हे प्रवाळ आहेत. जगातले समुद्र तापत असताना कोणते प्रवाळ टिकतील आणि का टिकतील, या प्रश्नाच्या उत्तराचा काही अंश या खडपांत असू शकतो.

प्रवाळांच्या आश्रयाने आणि सरगॅसमसारख्या समुद्रशैवालांच्या रानात माशांची पिले वाढतात, खेकडे, शेवंडी, कालवे व शंख राहतात. जवळच्या खाड्यांच्या काठी खारफुटीची वने आहेत. त्यांचा आणि समुद्रशैवालांचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतीलच डॉ. अरविंद उंटवाले यांनी आयुष्यभर केला. खाडी, खारफुटी, शैवालांची राने आणि खडप ही एकाच घराची दालने आहेत. मासा लहानपणी एका दालनात असतो, मोठेपणी दुसऱ्यात. मत्स्याहारी माणसाच्या दृष्टीने सांगायचे, तर ही बाजारातल्या टोपलीची बालवाडी आहे.

इतके सारे असताना मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध का केला? शहरी वाचकाला हा विरोध अडाणीपणाचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील गाबीत समाज पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगत आला आहे. त्याची रापण हे मासेमारीचे साधन जितके, तितकीच ती समाजरचना आहे. होडीतून जाळे समुद्रात अर्धगोलाकार टाकावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची आणि दोन रांगांत उभ्या राहिलेल्या माणसांनी ते ओढावयाचे. मिळेल त्या मासळीचे वाटे करावयाचे. जाळे किनाऱ्यापासून फार दूर जात नाही. त्यामुळे त्याची हाव निसर्गतःच मर्यादित असते. या लोकांना न विचारता त्यांच्या दारातील समुद्रावर रेषा ओढल्या गेल्या, अशी त्यांची पहिल्यापासूनची तक्रार आहे. दारात अभयारण्य असल्यावर होडी लावणे, जाळे टाकणे, इतकेच काय पण बंदराची साधी डागडुजी करणेही कायद्याच्या कचाट्यात सापडेल, अशी त्यांना भीती वाटली.

ही भीती निराधार नव्हती, याची साक्ष कायदाच देतो. १९७२ चा अधिनियम मुख्यतः जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला होता. त्यात १९९१ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे, सागरी जलक्षेत्र अभयारण्यात समाविष्ट करावयाचे झाल्यास स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांच्या रक्षणाची पुरेशी तजवीज आधी केली पाहिजे, अशी अट आली. मालवणची घोषणा त्यापूर्वी चार वर्षे झालेली! म्हणजे कायद्याला जे शहाणपण १९९१ साली सुचले, ते मालवणच्या मच्छीमारांच्या वाट्याला आलेच नाही. पुढील काळात अभयारण्य अधिसूचनेत राहिले, मच्छीमार समुद्रात राहिले आणि दोघांची गाठ प्रायः निवेदने व मोर्चे यांतूनच पडत राहिली.

आणि या अवधीत खरा घाव दुसरीकडूनच बसत होता. यांत्रिक ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत होते. पर्ससीन जाळे तर माशांच्या संपूर्ण थव्याभोवती भिंत उभी करते आणि बटव्याचा नाडा ओढावा तशी तळाची दोरी ओढून थवाच्या थवा उचलते. तारली आणि बांगडा हे थव्याने फिरणारे मासे. म्हणजे रापणीचे भक्ष्य नेमके हेच. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांचे खटके या किनाऱ्यावर वारंवार उडाले. अखेर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादा घातली आणि परवाने कमी करण्याचे धोरण स्वीकारले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. बंदी हुकमात असते आणि दिवे समुद्रात दिसतात, ही तक्रार मात्र मालवणात त्यानंतरही ऐकू येत राहिली. ज्यांना अभयारण्याचे शत्रू समजले गेले त्यांचे आणि अभयारण्याचे शत्रू वस्तुतः एकच होते, हे दोन्ही पक्षांच्या लक्षात यावयास फार वेळ लागला.

याच काळात फिलिपीन्समध्ये काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तेथील सिलिमन विद्यापीठातील प्राध्यापक एंजल अल्काला यांनी सुमिलॉन या छोट्या बेटाभोवतालच्या प्रवाळांपैकी सुमारे एक चतुर्थांश भागात १९७४ साली मासेमारी बंद करविली. उरलेल्या भागात मासेमारी चालू राहिली. दहा वर्षांनी, १९८४ साली, स्थानिक राजकारण बदलले, बंदी मोडली आणि राखीव भागातही जाळी पडू लागली. वरकरणी पाहता मच्छीमारांना अधिक क्षेत्र मिळाले होते. तेव्हा मासळीही अधिक मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात सबंध बेटावरचे मासळीचे उत्पन्न दीड-दोन वर्षांत निम्म्याहूनही खाली आले. राखीव भागातून मासे बाहेर येऊन मच्छीमारांच्या जाळ्यात जात होते, तो झराच बंद पडला. अल्काला आणि त्यांचे सहकारी गॅरी रस यांनी १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि सागरी राखीव क्षेत्रांच्या अभ्यासात ते आजही उद्धृत होतात. जवळच्याच आपो बेटावर अल्काला यांनी वेगळी वाट धरली. तेथे प्रथम ग्रामस्थांशी बोलणी झाली, १९८२ साली बेटाच्या किनाऱ्याचा एक लहानसा तुकडा त्यांनीच राखून ठेवला आणि पहाराही त्यांनीच केला. सुमिलॉनची बंदी मोडली, आपोची टिकली. बंदी दोन्हीकडे शास्त्रशुद्धच होती.

हा विचार काही परकीय नव्हे. सिंधुदुर्गाच्या पायाचा दगड १६६४ साली कुरटे बेटावर बसला. त्या किल्ल्यामागील आरमारी धोरण ज्या आज्ञापत्रात ग्रथित झाले आहे, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे. आरमारास लाकूड हवे, परंतु रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच ते तोडावे, असा त्यातील आशय आहे. साऱ्या किनाऱ्यावर ज्याची सत्ता चालते तो राजा एका झाडासाठी मालकाची संमती मागतो. तीनशे वर्षांनी त्याच किल्ल्याभोवती अभयारण्य आखताना संमतीचा विसर पडावा, ही गोष्ट खेदाची आहे.

पुढे परिस्थिती थोडी सुधारली हे नमूद केले पाहिजे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प २०१० नंतरच्या दशकात राबविला गेला आणि राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली अस्तित्वात आला. या प्रकल्पातील एक लहानशी गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. ट्रॉलच्या जाळ्याची शेवटची पिशवी तिरक्या, पत्त्यांतल्या चौकटसारख्या आसाची असते. जाळे ओढले गेले की हे आस मिटतात आणि विकण्याच्या लायकीची नसलेली पिलेही आत अडकतात. त्याऐवजी चौरस आसाची, ४० मिलिमीटरची पिशवी लावली की ताण पडला तरी आस उघडे राहतात व पिले निसटतात. नको त्या मासळीचा भार कमी झाल्याने जाळे ओढणे हलके होते, म्हणजे डिझेलही वाचते. उपदेशाने जे होत नाही ते जाळ्याच्या विणीने होते, आणि मच्छीमाराला त्यात आपला तोटा दिसत नाही. वेंगुर्ल्याला बचत गटाच्या स्त्रिया मांडवीच्या खाडीत होडी वल्हवून पर्यटकांना खारफुटी दाखवू लागल्या. जाळ्यात सापडलेले कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडून दिल्यास कमाल २५ हजार रुपयांची भरपाई देण्याचे शासनाने २०१८ साली ठरविले. जाळे कापणे म्हणजे मच्छीमाराच्या दृष्टीने हंगामाची कमाई कापणे. तेव्हा ही भरपाई म्हणजे उपकार नव्हे, न्याय होय.

याच सुमारास संशोधनालाही नवी धार आली. कोकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने डॉल्फिन व पोर्पॉइज यांच्या नोंदी घेतल्या आणि २०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा दिसल्याचे जाहीर केले. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी कुणकेश्वराच्या समोरच्या पाण्यात श्वास घेत होता! या नोंदींमध्ये मच्छीमारांनी सांगितलेल्या माहितीचा वाटा मोठा होता. अभ्यासक होडीत पाहुणा असतो आणि होडी मच्छीमाराचीच असते.

आता या चित्रात तिसरा पक्ष आला आहे, तो म्हणजे पर्यटक. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मालवण व तारकर्ली येथे पाण्याखाली जाऊन प्रवाळ पाहण्याचा व्यवसाय झपाट्याने वाढला. त्यामुळे अनेक मच्छीमार कुटुंबांना उत्पन्न मिळाले हे खरेच, आणि ते कोणी नाकारू नये. तथापि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, मनोरंजनासाठीच्या या बुड्यांमुळे अभयारण्यातील प्रवाळांची थेट मोडतोड होत असल्याचे दाखवून दिले आणि या व्यवसायावर कोणाचेच पुरेसे नियंत्रण नसल्याचे सांगितले. पोहता न येणारा पर्यटक घाबरला की पायाखाली जे लागेल त्यावर उभा राहतो. पायाखाली प्रवाळ असतो. पोराइट्सची गोलाकार वसाहत वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने छायाचित्रासाठी ज्या गोळ्यावर पाय ठेवला, तो त्याच्या जन्माच्या आधीपासून वाढत आलेला असू शकतो. नांगर थेट खडपांवर टाकणे, मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करणे, हेही चालते. नांगराऐवजी कायमचे तरंगते बोये, एका वेळी किती जणांनी उतरावे याची मर्यादा आणि पोहणे न जाणणाऱ्यांसाठी प्रवाळांपासून दूरची जागा, एवढ्या तीन गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली गुलदार ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळ-अधिवास निर्माण करण्याची योजना शासनाने आखली. योजना आकर्षक आहे. परंतु निसर्गाने फुकट दिलेल्या प्रवाळांवर पाय ठेवू देऊन खर्चाने नवे प्रवाळ वाढविण्याचा हा हिशेब कोणत्याही कारकुनाला पटणार नाही.

मात्र पर्यटकाला पाण्याबाहेर ठेवले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. समुद्र तापतो आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून अंशभराने जरी वर गेले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या शरीरातील शैवालांना बाहेर टाकतो व पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतो, न निवले तर उपासमारीने मरतो. मालवणला २०१४ नंतरच्या वर्षांत असे विरंजन पुनःपुन्हा घडल्याच्या नोंदी आहेत. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक विरंजनाची चौथी लाट जाहीर झाली. या प्रश्नाचा अभ्यास पुण्यातही होतो, ही गोष्ट पुणेकरांनी जाणून घेण्यासारखी आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली सागरी उष्णतेच्या लाटांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानुसार १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटा आल्या आणि दर दशकाला त्यांत सुमारे दीड लाटेची भर पडत गेली. याच लाटांचा संबंध मध्य भारतातील पाऊस कमी होण्याशीही आढळला. मालवणचा प्रवाळ आणि विदर्भाचा शेतकरी एकाच तापमापकाला बांधलेले आहेत.

अशा वेळी गरज असते ती सातत्याने मोजण्याची. हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटावर ब्रिटिश सरकार लष्करी विमानतळ बांधणार होते. शास्त्रज्ञांनी विरोध केला, १९६७ साली तो बेत सुटला आणि १९७१ साली तेथे रॉयल सोसायटीचे संशोधन केंद्र उभे राहिले. तेव्हापासून तेथे पिढीमागून पिढी नोंदी होत आहेत. म्हणूनच तेथे काय बदलले हे सांगता येते. मालवणला मोहिमा आल्या, निबंध लिहिले गेले, प्रकल्पाची मुदत संपली आणि माणसे परतली. आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, गोव्याला समुद्रविज्ञान संस्था आहे आणि मालवण त्या दोहोंच्या आवाक्यात आहे. दर वर्षी ठराविक महिन्यांत, ठराविक खडपांवर, त्याच चौकटींत प्रवाळ मोजण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि पाण्याखाली उतरण्यात तरबेज झालेले मच्छीमार तरुण या संस्थांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय सापडत नाही, अशी तक्रार पुण्यात नेहमी ऐकू येते.

मालवणचा निकाल लागण्यापूर्वीच दुसरे प्रकरण उभे राहिले आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक. हे नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडले. सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद अशा या पठाराचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागाखाली अवघ्या वीस मीटरवर येतो. तेथील पाणी नितळ आहे, कारण नद्यांचा गाळ इतक्या दूर पोहोचत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम तेथे गेली आणि समृद्ध प्रवाळ व मत्स्यसृष्टी पाहून आली. या पठाराला संरक्षण देण्याचा प्रस्ताव २०२० साली राज्य पातळीवर मान्य झाला. परंतु बारा सागरी मैलांपलीकडे वन्यजीव अधिनियम पोहोचत नाही. तेथे १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याखाली केंद्र शासनालाच पाऊल उचलावे लागते. आंग्रियाच्या काठी गाव नाही, रापण नाही, मोर्चा काढणारे कोणी नाही, म्हणून हे काम सोपे आहे असे दिल्लीत कोणाला वाटू शकेल. प्रत्यक्षात देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी आणि मालवण येथील मोठ्या नौका त्या बाजूला जातात, परराज्यांतीलही येतात. त्यांचे तांडेल त्या पाण्याचे प्रवाह आणि माशांच्या वाटा कोणत्याही नकाशापेक्षा अधिक जाणतात. सीमारेषा आखण्यापूर्वी त्यांना बोलावले गेले, तर त्यांचा पहिला प्रश्न प्रवाळांविषयी नसेल. आपल्या नौकांना तेथे कोणत्या महिन्यांत, कोणत्या जाळ्यानिशी जाता येईल, हा तो प्रश्न असेल, आणि त्याचे लेखी उत्तर अधिसूचनेच्या आधी तयार असावयास हवे.